वैद्य बाईंचा 'पुट अप'

बाई,

गुरुवारी सकाळी तुम्ही गेलात आणि तेव्हापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतायत. फोनवर हळू, दारात हळू, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येसुद्धा हळू. मला ते चालत नाहीये. तुमच्याबद्दल हळू बोलायची मला सवयच नाही. बारा वर्षं आपण दोघी एकमेकींशी खणखणीत आवाजात बोललो. त्यातलं निम्मं भांडण होतं, आणि ते अजून मिटलेलं नाही. तुम्ही मधेच उठून गेलात म्हणून मी ते सोडून देईन असं वाटत असेल, तर तुम्ही मला ओळखलंच नाही.

आपली पहिली भेट वर्गातली. पेठ तालुक्यातल्या आश्रमशाळेतून दहावी होऊन मी अकरावीला नाशिकला आले होते आणि तुम्ही कॉलेजात इंग्रजी शिकवत होतात. पहिल्याच तासाला एकेकाला उभं करून तुम्ही नाव विचारलंत आणि मग, "व्हेअर डू यू पुट अप?" माझी पाळी आली. त्या सगळ्या वाक्यातलं मला कळलं ते फक्त 'अप'. अप म्हणजे वर. मी वर बघितलं. वर पंखा फिरत होता. मी म्हणाले, "फॅन."

अख्खा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. खडू खाली ठेवून तुम्हीही वर बघितलंत.

"बरोबर आहे," तुम्ही म्हणालात. "पंखासुद्धा कोणीतरी वर लावलाय. समबडी पुट इट अप. हा एक अर्थ झाला. आता दुसरा. तू राहतेस कुठे?"

"इंदिरानगर," मी म्हणाले. पुढचं सांगितलं नाही.

पुढचं तुम्हाला दोन आठवड्यांनी तुमच्याच गॅलरीतून दिसलं. इंदिरानगर तेव्हा नुकतं वसत होतं, जिकडेतिकडे बांधकामं. वसतिगृहाच्या यादीत माझं नाव लागलं नव्हतं, आणि तुमच्या इमारतीसमोरच्या साइटवर माझा मामा वॉचमन होता. त्याच्या पत्र्याच्या खोलीत मामा, मामी, त्यांची तीन पोरं, सिमेंटच्या गोण्या आणि मी. अभ्यासाला मी बाहेर विटांच्या थप्पीवर बसायची. एका रविवारी तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून घरातल्या सपाता घालून तशाच खाली आलात.

"इथे अभ्यास होतो तुझा?"

"होतो."

"खोटं बोलू नकोस."

"थोडा होतो."

पुढच्या आठवड्यात माझे वडील तांदळाचं पोतं घेऊन तुमच्या दारात उभे होते आणि आत पाऊल टाकायला तयार नव्हते. "बाई, पोर कामाची हाय," ते सांगत होते. "भांडी घासील, पानी भरील. नुसती बसायची नाय."

"ती कामाला येत नाहीये," तुम्ही म्हणालात. "राहायला येतेय."

वडिलांना हे समजेना. "मंग काम कोन करील?"

"आम्ही दोघी."

स्टँडवर एसटीत चढताना वडील मला म्हणाले, "बाईचं कायतरी बिघडलंय. पन मानूस बरं हाय. ऱ्हा." हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. तुम्ही खूप हसला असतात.

पहिलं वर्ष इमारतीतलं कोणी काही बोललं नाही, कारण सगळ्यांना मी तुमची कामवालीच वाटत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर मला जिन्यात थांबवून विचारलं, आमच्याकडेही भांड्यांना येशील का. मी वर येऊन हे गमतीनं सांगितलं. तुम्ही हातातलं पुस्तक मिटलंत, खाली गेलात आणि सांगून आलात की हिरा बारावीला आहे, माझ्याकडे राहते आणि ती घरातलीच आहे.

तिथून सगळं सुरू झालं. कामवाली म्हणून मी चालत होते. घरातली म्हणून चालेना.

पंधरा दिवसांत खालच्या फळ्यावर टाइप केलेला कागद लागला. सभासदांनी सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय बाहेरच्या व्यक्तींना सदनिकेत वास्तव्यास ठेवू नये. पाण्याची टंचाई पाहता सहकार्य करावे. खाली चेअरमन दातारांची सही. मी तो कॉलेजातून येताना वाचला आणि तशीच उभी राहिले. मागून तुम्ही आलात. तुम्हीही वाचलात. आणि मग, कुठलंही माणूस संतापलं असतं अशा वेळी, तुम्ही मला इंग्रजी शिकवायला लागलात.

"त्यांनी हा कागद काय केला?"

"लावला."

"इंग्रजीत."

"दे पुट अप अ नोटिस."

"छान. आणि मी तुला घरात काय केलं?"

"ठेवलं."

"ठेवतात डबा. माणसाला आपल्या घरी राहायला जागा देतात. आय पुट यू अप. आता पुढचं नीट ऐक. पुट अप विथ म्हणजे सोसणं, खपवून घेणं. पुट अप अ फाइट म्हणजे समोर उभं राहून झुंजणं. एवढासा 'विथ', तो लावला की माणूस खाली बसतो. तू सांग, आपण काय करायचं?"

"सोसायचं," मी म्हणाले. "बारावीचं वर्ष आहे, बाई. मी मामाकडे जाते."

तुमच्या चेहऱ्यावर जी निराशा आली ती मी विसरले नाही. त्या निराशेचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. तुम्ही एकट्या होतात, पण तुमच्या नावावर घर होतं, कायम नोकरी होती. मी आईला बघितलं होतं. दर वर्षी दिवाळीनंतर माझे आईवडील दिंडोरीकडे द्राक्षबागांवर कामाला जायचे. मुकादम वाटेल ते बोलायचा आणि आई मान खाली घालून ऐकून घ्यायची, कारण तिनं उलट उत्तर दिलं असतं तर दोघांनाही दुसऱ्या दिवशी काम नव्हतं. त्या ऐकून घेण्यावर आमची चूल पेटायची, माझी शाळा चालायची. सोसणारं माणूस खाली बसलेलं असतं, हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. आई उभ्यानं सोसत होती. हे मला त्या फळ्यासमोर म्हणायचं होतं. सतराव्या वर्षी शब्द सुचले नाहीत. आता म्हणते, ऐकून घ्या.

मामाकडे तुम्ही मला जाऊ दिलं नाहीत. पुढच्या रविवारी सकाळी म्हणालात, "चल." मला वाटलं बाजारात जायचंय. मी भाजीची पिशवी घेतली. खाली उतरले तर पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, सोसायटीची सभा भरलेली, आणि सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळलेल्या.

दातार उठून बोलले. आवाज शांत, भाषा चांगली. मुलीविरुद्ध कोणाचंही काही नाही, ते म्हणाले, प्रश्न तत्त्वाचा आहे आणि पाण्याचा आहे. आज एक आली, उद्या तिच्या गावाकडचे आणखी चार येतील.

"ती इथेच उभी आहे," तुम्ही म्हणालात. "तिच्यासमोर बोला. तिला विचारा." आणि माझा दंड धरून तुम्ही मला पुढे ढकललंत.

बाई, मी सगळ्यांसमोर उभी. हातात रिकामी भाजीची पिशवी. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, कारण आपण सभेला चाललोय हेच मला माहीत नव्हतं. तोंडातून निघालं ते असं: "पाण्याचं म्हणता, तर मी रोज दोन बादल्या वापरते. कामवाली असते तर भांड्यांना, फरशीला जास्तच लागलं असतं. तेव्हा तुम्ही काही म्हणाला नव्हतात."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. दातारांचा चेहरा लाल झाला. ते सेक्रेटरींकडे वळले आणि मला कळू नये म्हणून इंग्रजीत म्हणाले, "समबडी हॅज पुट हर अप टू धिस."

हा अर्थ तुम्ही मला शिकवला नव्हता. पढवून पुढे करणं, फूस लावणं. पण कळायला शब्दकोश लागला नाही. तुमच्या बोटांचे वळ माझ्या दंडावर होते. खरं सांगायचं तर दातार अगदीच चूक बोलत नव्हते. तरीही माझ्या आत काहीतरी ताठ झालं. ढकललं तुम्ही होतंत, पण बादल्यांचा हिशोब माझा होता. ते बोलणं माझं होतं आणि ते माझ्याकडून काढून घेऊन तुमच्या नावावर टाकलेलं मला चालणार नव्हतं.

"नोबडी पुट मी अप टू इट, सर," मी म्हणाले. "आय लिव्ह हिअर."

 माझ्या आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य, जे मी परीक्षेसाठी बोलले नव्हते.

त्यानंतर मत घेतलं आणि आपण हरलो. ठराव मंजूर झाला. जिना चढताना तुम्ही खुशीत होतात, जसं काही आपणच जिंकलोय. मी दार लावलं आणि पिशवी फेकली.

"तुम्ही मला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग नाही. माझं 'नाही' होतं ते."

"ते भीतीचं 'नाही' होतं, हिरा."

"भीतीचं असो नाहीतर कशाचं असो, माझं होतं ना? फळ्यावर नोटीस लावतात तसं तुम्ही मला चारचौघांत लावलंत."

 दूध तापवायला आत गेलात. वर्षानुवर्षं मी हा विषय काढला की तुमचं काहीतरी तापवायचं राहिलेलं असायचं. बारा वर्षांत एकदाही तुम्ही 'चुकलं' म्हणाला नाहीत. मीही 'तुमच्यामुळे मला आवाज सापडला' असं एकदाही म्हणाले नाही. म्हणणार नव्हतेच. ते म्हटलं असतं तर तुम्ही जिंकला असतात, आणि मला न विचारता कोणी माझं भलं करावं हे मला आजही मंजूर नाही. आवाज सापडला हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे, बाई. मी त्यातलं एकही खोडणार नाही.

ठराव झाला तरी तुम्ही मला काढलं नाहीत. दातारांना पत्र पाठवलंत: कोणत्या नियमानं काढता तो नियम दाखवा. नियम कोणी दाखवला नाही. पण दुरुस्तीच्या नावाखाली आपल्या मजल्याचं पाणी बंद झालं. ते अकरा दिवस मला पूर्ण आठवतात. पहाटे तुम्ही एक बादली, मी दोन, खालच्या नळावरून तीन मजले. तुमचे गुडघे तेव्हाही दुखायचे. प्रत्येक मजल्यावर तुम्ही बादली खाली ठेवायचात आणि दम घेता घेता मला क्रियापदं विचारायचात. माझा अभ्यास बुडतोय म्हणून मी रडले तर म्हणालात, "रड, पण बादली हिंदकळू देऊ नकोस."

चौथ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या शिंदे काकूंनी दार उघडलं. सभेत त्यांनी आपल्याविरुद्ध हात वर केला होता. आपल्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "नळापर्यंत कशाला जाता? माझ्या मोरीतून भरा." दोन मजले राहिले. अकराव्या दिवशी पाणी आलं. का आलं ते कोणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही. बारावीला मला इंग्रजीत एकाहत्तर गुण पडले. तुम्ही म्हणालात, ऐंशी पडायला हवे होते.

पुढच्या वर्षी तुम्ही कमिटीच्या निवडणुकीला उभ्या राहिलात. हरलात. त्याच्या पुढच्या वेळीही उभ्या राहिलात आणि हरलात. मी तोवर डी.एड. करून आमच्याच भागातल्या शाळेत लागले होते. फोनवर तुम्ही निकाल सांगायचात तो क्रिकेटच्या मॅचसारखा. "दोन मतं कमी पडली. वुई पुट अप अ गुड शो." माझ्यानंतर तुमच्याकडे आणखी तिघी राहून गेल्या, एक सुरगाण्याची, दोघी हरसूलकडच्या. त्यांच्यासाठी फळ्यावर नोटीस लागली नाही, हेही लिहून ठेवते. एवढं तर आपण मिळवलं.

गेल्या वर्षी पॅरालिसिस झाला आणि तुमची उजवी बाजू गेली. पुण्याहून तुमचा भाचा आला. चांगला माणूस आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. तो हॉलमध्ये मोबाइलवर कोणालातरी सांगत होता, वुई विल पुट द फ्लॅट अप फॉर सेल, मावशीला एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेवू. आतून तुमचा आवाज आला, शब्द जड झालेले पण स्पष्ट: "मी अजून आत आहे." त्यानं फोन ठेवला. फ्लॅट विकला गेला नाही. तुम्ही तुमच्याच पलंगावर, तुमच्याच खिडकीशी गेलात. हीही एक निवडणूक होती म्हणा, आणि ही तुम्ही हरला नाहीत.

तीन आठवड्यांपूर्वी मी शेवटची आले. नागलीचं पीठ आणलं होतं. तुम्ही विचारलंत, "शाळेत मुलींच्या संडासाचं काय झालं?" मी सांगितलं, तीन अर्ज दिले, साहेब म्हणतात बघू. "मग?" मी म्हणाले, मग काय, चालवून घेतोय. तुमचा डावा हात पांघरुणावर आपटला. तुम्ही इतक्या चिडलात की शब्दच निघेना. मी पाणी पाजलं, विषय बदलला. तुमचं शेवटचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. त्याचं मला वाईट वाटतंय. संडासासाठी मी सोमवारी पुन्हा जातेय, मुलींच्या आयांना घेऊन. प्रत्येकीला आधी विचारलंय, येता का म्हणून. दोघी नाही म्हणाल्या. त्यांना मी ओढून नेणार नाही.

काल कॉलेजच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, उदबत्ती, पुढच्या रांगेत जुने प्राध्यापक. निवृत्त प्राचार्य बोलायला उठले. गहिवरून म्हणाले, वैद्य बाईंनी आयुष्यात एकटीनं खूप सोसलं, पण कधी कोणाविरुद्ध ब्र काढला नाही. शांत, सोशिक, ऋजू. लोकांनी माना हलवल्या.

मी उठले. कोणी बोलायला सांगितलं नव्हतं, कोणी ढकललंही नव्हतं.

"माफ करा, सर," मी म्हणाले. "हे दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय. बाई सोशिक नव्हत्या. बाई भांडायच्या. माझ्याशी बारा वर्षं भांडल्या. इथे बसलेल्यांपैकी किती जणांशी भांडल्या ते ज्याचं त्यानं आठवावं."

 मला वाटलं आता कोणीतरी मला बसवणार. तेवढ्यात मागून कॉलेजच्या ऑफिसातले जुने क्लार्क उठले. "माझ्याशी भांडल्या," ते म्हणाले. "एका पोराचा फॉर्म मी उशिरा आला म्हणून घेत नव्हतो. टेबलासमोर अडीच तास उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत." मग शिंदे काकू. "माझ्याशी वर्षभर बोलत नव्हत्या. मी धाकटीला दहावीनंतर घरी बसवलं होतं म्हणून. शेवटी घातलं तिला कॉलेजात. मग बोलल्या." मग गॅस एजन्सीचा माणूस, मग केमिस्ट, मग तुमच्याकडे राहून गेलेली सुरगाण्याची यमुना. लोक हसत होते आणि डोळे पुसत होते. प्राचार्यसुद्धा शेवटी म्हणाले, माझ्याशीही एकदा, वेळापत्रकावरून.

सगळ्यात शेवटी दातार उभे राहिले. आता काठी घेऊन चालतात.

"माझ्याशी वैद्य बाई अकरा वर्षं भांडत होत्या," ते म्हणाले. "शेवटचं पत्र गेल्या महिन्यात आलं. डाव्या हातानं लिहिलेलं. गच्चीला कुलूप लावू नये, वाळवणाला बायकांची अडचण होते, असं. गच्चीवरून त्याआधीच एक मूल पडता पडता वाचलं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचं चुकत होतं आणि हे मी आजही म्हणणार. उत्तर लिहून ठेवलं होतं." त्यांनी शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं.  "द्यायचं राहिलं. आता हे कोणाला द्यायचं ते मला कळत नाही."

ते तसेच पाकीट धरून उभे होते.  मी खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेले आणि हात पुढे केला.

"माझ्याकडे द्या," मी म्हणाले.

बाई, मी ते आज दुपारी वाचलं. गच्चीच्या बाबतीत खरंच तुमचं चुकत होतं. तरी मी त्यांना उत्तर लिहायला बसलेय.